एकेकट्याचं पुनर्वसन होत नसतं : न्यू ऑर्लीन्समधल्या व्हिएतनामी वस्तीचा इतिहास



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींच्या मनात प्रश्न आला असेल. न्यू ऑर्लीन्ससारख्या दूरच्या अमेरिकी शहरात, त्या शहराच्याही पार पूर्वेच्या टोकाला, काही हजार व्हिएतनामी माणसं राहतात. त्यांचा इतिहास आपण इथे बसून का ऐकायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी आधीच देऊन टाकतो. विस्थापन आणि पुनर्वसन हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. माणसं उठवली जातात, मग ती कुठेतरी बसवली जातात, आणि बसवणाऱ्यांच्या वहीत काम पूर्ण झाल्याची नोंद होते. घर दिलं, रेशन दिलं, रोजगार दिला, झालं पुनर्वसन! हा हिशेब माणशी मांडलेला असतो. न्यू ऑर्लीन्समधली व्हर्साय नावाची वस्ती हा हिशेब चुकीचा असल्याचा पुरावा आहे. तिथे पन्नास वर्षांत जे घडलं, ते एकेकट्या माणसाच्या जिद्दीने घडलेलं नाही. गाव गाव म्हणून एकत्र राहिलं, म्हणून ते घडलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. ते मी टप्प्याटप्प्याने मांडणार आहे, आणि त्यावर जे आक्षेप येतात त्यांनाही सामोरा जाणार आहे.

सुरुवात अमेरिकेत होत नाही. ती होते उत्तर व्हिएतनाममध्ये, तांबड्या नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या बुई चू आणि फात दिएम या जुन्या कॅथलिक धर्मप्रांतांत. १९५४ च्या जुलैमध्ये जिनिव्हा करार झाला, सतराव्या अक्षांशावर कम्युनिस्ट उत्तर आणि कम्युनिस्टविरोधी दक्षिण असे देशाचे दोन भाग पडले आणि लोकांना हव्या त्या बाजूला जाण्यासाठी तीनशे दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत आठ लाखांहून अधिक माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली आणि त्यांतली बहुसंख्य कॅथलिक होती. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. ही माणसं सुटी सुटी निघाली नव्हती. कित्येक ठिकाणी अख्खा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा सगळा समाज, आपल्या धर्मगुरूसह निघाला आणि दक्षिणेत पोचल्यावर त्याने आपलं जुनं गाव पुन्हा मांडलं: तीच माणसं, तेच शेजारी, तेच पुढारी. व्हर्सायमध्ये पुढे आलेल्या अनेक कुटुंबांचा दक्षिणेतला मुक्काम वुंग ताऊजवळच्या फुओक तिन्ह या मच्छीमार गावात होता. म्हणजे ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं आणि ही माणसं समुद्रावर आली, तेव्हा वडीलधाऱ्या पिढीच्या वाट्याला आलेलं हे दुसरं निर्वासन होतं. एकवीस वर्षांत दोनदा सगळं सोडलेली ही माणसं. त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती: जमीन मागे राहते, घर मागे राहतं, पण शेजार बरोबर नेता येतो.

अमेरिकेला मात्र नेमका हा शेजारच नको होता. १९७५ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात सुमारे १ लाख ३० हजार निर्वासित अमेरिकेच्या आश्रयाला आले. त्यांच्यासाठी चार लष्करी तळांवर छावण्या उघडल्या: कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटन, आर्कान्सात फोर्ट चॅफी, फ्लोरिडात एग्लिन हवाई तळ आणि पेनसिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाऊन गॅप. त्या वेळी देशात मंदी होती, बेकारी नऊ टक्क्यांवर गेली होती, आणि गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत निम्म्याहून अधिक अमेरिकनांनी या लोकांना देशात घेण्याच्या विरोधात मत दिलं होतं. मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसने मदतीचा कायदा केला. पण धोरण ठरलं ते पांगवण्याचं. प्रत्येक कुटुंबाला एक पुरस्कर्ता शोधायचा, म्हणजे एखादी मंडळी, एखादं चर्च, एखादा सद्गृहस्थ, आणि त्या कुटुंबाला तिकडे पाठवून द्यायचं. कुणी मिनेसोटात, कुणी नेब्रास्कात, कुणी पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यात. कारण काय दिलं गेलं? कुठल्याही एका शहरावर भार पडू नये, मायामीत क्युबन लोकांची जशी मोठी वसाहत झाली तशी दुसरीकडे होऊ नये, आणि माणसं लवकर अमेरिकन व्हावीत. हेतू सगळे वाईट होते असं मी म्हणणार नाही. हजारो साध्या अमेरिकन कुटुंबांनी त्या वर्षी अनोळखी माणसांसाठी आपलं घर उघडलं, हेही खरं आहे. पण या धोरणाचं पुढे काय झालं? काही वर्षांतच पांगवलेली कुटुंबं सामान बांधून पुन्हा निघाली, या वेळी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या निर्णयाने. ती कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यात गेली, ह्यूस्टनला गेली, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर गेली. जिथे आपली माणसं होती, तिथे गेली. सरकारने पांगवलं आणि लोकांनी स्वतःला पुन्हा गोळा केलं. हा पहिला पुरावा, आणि तो लोकांनी पायांनी चालून दिलेला आहे.

न्यू ऑर्लीन्सची गोष्ट वेगळी घडली ती इथेच. त्या शहराचे आर्चबिशप फिलिप हॅनन यांनी फोर्ट चॅफीतल्या निर्वासितांना आपल्या शहरात येण्याचं निमंत्रण दिलं आणि कॅथलिक धर्मादाय संस्थेने त्यांच्यासाठी जागा शोधली. जागा मिळाली शहराच्या पूर्वेकडच्या व्हर्साय आर्म्स नावाच्या सदनिकांच्या वसाहतीत. ती रिकामी का होती? जवळच मिशू इथे नासाचा मोठा कारखाना होता. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न पाच या रॉकेटचा पहिला टप्पा तिथे तयार होई. अपोलो मोहीम आवरली, कामगार कमी झाले आणि त्यांच्या भरवशावर उठवलेल्या इमारती ओस पडल्या. त्या रिकाम्या घरांत १९७५ मध्ये सुमारे हजार निर्वासित आले. पुढच्या वर्षभरात आणखी सुमारे दोन हजार आले. त्यांत इतर राज्यांत पांगवलेले, बातमी कळल्यावर आपल्या माणसांकडे धावत आलेले बरेच होते. इथे पुनर्वसन करणाऱ्याने एक चांगली गोष्ट केली: एकमेकांना ओळखणारी माणसं शेजारी शेजारी ठेवली. एक वाईट गोष्टही झाली, ती झाकून ठेवता कामा नये. दिलेली जागा सखल होती, दलदल उपसून काढलेली होती, शहरापासून लांब होती, आणि कुणालाच नको होती म्हणूनच रिकामी होती. गरिबाला नेहमी तीच जमीन मिळते, जिच्यावर पुढे पाणी येणार असतं. तीस वर्षांनी ते आलं.

त्या तीस वर्षांत काय उभं राहिलं? वसाहतीच्या कडेला पुराचं पाणी अडवणारा बांध आहे. त्या बांधाच्या उतारावर आणि पलीकडच्या पडीक पट्टीवर म्हाताऱ्या माणसांनी मळे केले. जमीन त्यांच्या मालकीची नव्हती, पाणी शेजारच्या कालव्याचं. मळ्यात काय होतं? अळू, कारली, दुधी, रताळ्याचा पाला, नाळीची भाजी, नाना तऱ्हेचा सुवासिक पाला. हे पीक आधी घरच्या ताटात जाई आणि उरलेलं शनिवारच्या बाजारात. हा बाजार भल्या पहाटे, अंधार असतानाच, दुकानांच्या समोरच्या पटांगणात भरे. टोकदार टोप्या घातलेल्या आज्या जमिनीवर पथारी टाकून बसत. पुढ्यात पाल्याच्या जुड्या, बाजूला पिंजऱ्यात जिवंत बदकं, कोंबड्या, ससे. घासाघीस व्हिएतनामीत चाले आणि शहर जागं होईपर्यंत बाजार उठे. अर्थशास्त्राच्या हिशेबात या बाजाराची उलाढाल नगण्य ठरेल. पण विचार करा, इंग्रजीचं अक्षर न येणारी साठ-सत्तर वर्षांची बाई, जिला अमेरिकेतला कुठलाही कारखाना कामावर घेणार नाही, ती इथे निरुपयोगी ठरत नाही. ती पिकवते, विकते, नातवंडांना भाषा देते, आणि वस्तीत कोण आजारी आहे, कुणाचं पोर शाळा बुडवतंय, याची खबर तिच्याकडे असते. हीच म्हातारी नेब्रास्कातल्या एखाद्या गावी एकट्या कुटुंबात असती, तर खिडकीपाशी बसून दिवस मोजत राहिली असती. माणूस तोच, शेजार असला की तो आधार होतो आणि शेजार काढून घेतला की ओझं ठरतो.

आज्यांनी बाजार चालवला, तर कर्त्या माणसांनी धंदे उभे केले. फुओक तिन्हचे मच्छीमार लुइझियानाच्या पाण्यात कोळंबीला गेले. सुरुवातीला पैसे एकत्र करून बोटी घेतल्या, मग बोटी बांधायला लागले. १९८२ मध्ये शेफ मेन्टूर हायवेवर डाँग फुआँग नावाची बेकरी निघाली. तिचा पाव शहरभर गेला, आणि कार्निव्हलच्या हंगामात लोक खातात तो किंग केक घ्यायला पुढे सगळं न्यू ऑर्लीन्स तिच्या दारात रांग लावू लागलं. २०१८ मध्ये तिला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा मानाचा पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात 'मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम' हा स्वतंत्र धर्मग्राम झाला आणि त्याचं चर्च उभं राहिलं. या धर्मग्रामाची रचना महत्त्वाची आहे. वस्ती वेगवेगळ्या विभागांत वाटलेली, प्रत्येक विभागाचा आपला संरक्षक संत, आपले निवडलेले पुढारी. लग्न, मयत, भांडण, वर्गणी, सगळं विभागावार. उत्तर व्हिएतनाममधल्या गावाचा सांगाडा लुइझियानाच्या दलदलीत पुन्हा उभा राहिला होता. आणि तो केवळ पूजेअर्चेचा नव्हता. वेळ आली की अर्ध्या दिवसात हजार माणसांपर्यंत निरोप पोचवणारी ती यंत्रणा होती.

मुलांचं काय झालं, हेही पाहिलं पाहिजे. वस्ती गरीब होती, शाळा कमकुवत होत्या, भोवती गुन्हेगारी होती. समाजशास्त्रज्ञ मिन झोऊ आणि कार्ल बँकस्टन यांनी याच वस्तीतल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास करून १९९८ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की जी मुलं समाजात घट्ट गुंतलेली होती, ज्यांना आपली भाषा येत होती, जी चर्चला जात होती, ती शाळेत पुढे गेली. आणि जी या जाळ्यातून बाहेर पडली, त्यांची वाट बिकट झाली, काही टोळ्यांकडे वळली. रूढ समजूत याच्या उलट आहे. आपल्या लोकांपासून जितकं लवकर सुटेल तितकं मूल पुढे जाईल, असं धोरणकर्ते मानत होते. इथे उलटच घडलं: समाज पाठीशी असलेलं मूलच नव्या देशाच्या शाळेत टिकलं.

आता कॅटरिना चक्रीवादळ. २९ ऑगस्ट २००५. वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. व्हर्सायही बुडालं. माणसं ह्यूस्टनला, डल्लासला आणि आणखी कुठे कुठे पांगली. म्हणजे १९७५ मध्ये सरकारला जे जमलं नव्हतं ते पाण्याने करून टाकलं होतं. या वेळी काय झालं? ह्यूस्टनमधल्या हाँगकाँग सिटी मॉल या व्हिएतनामी बाजारपेठेत पूरग्रस्त आपोआप जमू लागले, तिथल्या व्हिएतनामी रेडिओने हाका दिल्या, अनोळखी व्हिएतनामी कुटुंबांनी घरं उघडली. धर्मग्रामाचे प्रमुख फादर व्हिएन न्गुयेन निवाऱ्यांमधून फिरत राहिले, कोण कुठे आहे याचा ठावठिकाणा काढत राहिले. विभागांचे पुढारी आपापल्या विभागाची माणसं शोधत होते. ऑक्टोबरात वस्तीत परत पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, झाली तेव्हा काही शे माणसं आली, आणि त्याच महिन्यात हा आकडा दोन हजारांवर गेला. वीज नव्हती. वीज कंपनीचं म्हणणं होतं, बिल भरणारे ग्राहक आहेत कुठे? फादर व्हिएन यांनी परतलेल्यांच्या सह्यांची यादी आणि मिस्सेला जमलेल्या गर्दीचे फोटो पुढे ठेवले, आणि वीज आली. व्हर्साय ज्यात येतं त्या शहराच्या पूर्व भागात, न्यू ऑर्लीन्स ईस्टमध्ये, बाकी ठिकाणी अजून अंधार होता तेव्हा व्हर्सायमध्ये दिवे लागले होते. याला कुणी चमत्कार म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. वीज कंपनीला एकट्या माणसाची तक्रार फेटाळता येते. पाच-सहाशे घरं एका यादीत आली की फेटाळता येत नाही. यादी करायला दोन दिवस लागले असतील. पण अशी यादी करता यावी यासाठी तीस वर्षांचा शेजार लागला होता.

यापुढचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. जानेवारी २००६ मध्ये शहराच्या पुनर्बांधणीसाठी महापौरांनी नेमलेल्या समितीचा आराखडा आला. सखल वस्त्यांवर नकाशात हिरवी वर्तुळं होती, म्हणजे तिथे घरांऐवजी मोकळी हिरवी जागा करण्याचा विचार होता, आणि न्यू ऑर्लीन्स ईस्टचं भवितव्यच टांगणीला लागलं होतं. लोक घरं दुरुस्त करत होते आणि शहर विचार करत होतं, ही घरं असावीत की नसावीत! त्याच फेब्रुवारीत महापौर रे नेगिन यांनी आणीबाणीचे अधिकार वापरून वस्तीपासून दोन मैलांच्या आत, वन्यजीव अभयारण्याला लागून, पुरात पडलेल्या घरांच्या मलब्यासाठी शेफ मेन्टूर कचरा डेपोला परवानगी दिली. तळाला संरक्षक अस्तर नाही, रहिवाशांशी चर्चा नाही. आणि मग जे घडलं ते या समाजाच्या इतिहासात आधी घडलं नव्हतं. तीस वर्षं मान खाली घालून कष्ट करणारे, सरकारशी वाद नको म्हणणारे म्हातारे नगरपालिकेच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. अमेरिकेत जन्मलेली, इंग्रजी सफाईने बोलणारी त्यांची नातवंडं शेजारी उभी राहिली. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या संघटना आल्या, पर्यावरणवादी आले, वकील आले. ऑगस्ट २००६ मध्ये सहा महिन्यांचा आदेश संपला, तो वाढवला गेला नाही आणि डेपो बंद झाला. त्या लढ्यातून तरुणांची संघटना आणि वस्तीची स्वतःची विकास संस्था निघाली. २००८ च्या डिसेंबरात याच शहरातून जोसेफ काओ निवडून गेले, अमेरिकी काँग्रेसमधले पहिले व्हिएतनामी वंशाचे सदस्य. १९७५ मध्ये ते आठ वर्षांचे निर्वासित होते. २०१७ मध्ये सिंडी न्गुयेन याच भागातून नगरपरिषदेवर निवडून आल्या, असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच व्हिएतनामी-अमेरिकन.

इथवर पुरावा झाला. आता आक्षेप.

पहिला आक्षेप असा: हे सगळं त्यांच्या संस्कृतीचं फळ आहे. व्हिएतनामी माणूस मुळातच कष्टाळू, कुटुंबवत्सल, वडीलधाऱ्यांना मानणारा. त्यात पुनर्वसनाच्या पद्धतीचं श्रेय काय? या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. संस्कृती माणसाच्या पेटीत भरून नेता येत नाही. तिला बोलायला माणसं लागतात, पाळायला सण लागतात, मोडली तर रागावायला शेजारी लागतात. तीच संस्कृती घेऊन आलेली कुटुंबं एकेकटी पांगवली गेली, तेव्हा संस्कृतीने त्यांना त्या गावी टिकवलं नाही. उलट आपल्या माणसांच्या शोधात बाहेर काढलं. आणि झोऊ-बँकस्टन यांचा अभ्यास तर एकाच वस्तीतला, एकाच संस्कृतीतला आहे. तरी समाजाशी जोडलेली मुलं आणि तुटलेली मुलं यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फरक संस्कृतीने पडला असता, तर दोघांची वाट एकच असती. फरक जोडलेपणाने पडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसं एकत्र ठेवली की ती आपल्याच कोंडाळ्यात राहतात, देशात मिसळत नाहीत. या आक्षेपाला मी हलकं लेखत नाही. वस्तीतल्या जुन्या पिढीला इंग्रजी कधी आलंच नाही. चर्चभोवती उभ्या राहिलेल्या समाजात बौद्ध व्हिएतनामींना तेवढी जागा मिळणं अवघड होतं. आणि एकाच धंद्यात बहुसंख्य माणसं असली की त्या धंद्यावरचा घाव सगळ्यांवर पडतो. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या मंचावर स्फोट झाला, आखातात तेल पसरलं, मासेमारी बंद झाली आणि व्हिएतनामी मच्छीमारांच्या घरोघरची चूल थंडावली. भरपाईचे कागद इंग्रजीत, सभा इंग्रजीत. एकत्र राहण्याची ही किंमत आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. पण मिसळणं म्हणजे काय? एकटा, भेदरलेला, भाषा न येणारा माणूस मिसळत नाही. तो गप्प बसतो. शेजारच्या टेक्सासच्या किनाऱ्यावर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने व्हिएतनामी मच्छीमारांना धाक घातला, तेव्हा ते संघटना करून १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या संघराज्य न्यायालयात गेले आणि क्लॅनला रोखणारा आदेश घेऊन आले. एकटा मच्छीमार कोर्टात गेला असता का? व्हर्सायचे लोक नगरपालिकेवर गेले, निवडणुकीला उभे राहिले, कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबरोबर आघाडी करून लढले. नागरिकत्व याहून वेगळं काय असतं? पायाखाली आपली जमीन असलेला माणूसच दुसऱ्याकडे हात पुढे करू शकतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो या कथेच्या गैरवापरातून येतो. कॅटरिनानंतर बरेचजण म्हणू लागले, बघा, व्हिएतनामी परत आले, उभे राहिले. मग त्यांचे आफ्रिकन-अमेरिकन शेजारी का नाही आले? म्हणजे दोष त्यांचाच! श्रोतेहो, हा निष्कर्ष अन्यायाचा आहे आणि खोटाही आहे. शहराची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ होती, ती २०१० मध्ये ३,४३,८२९ वर आली. जे परतले नाहीत त्यांत कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येने होते. का? त्यांच्या पायाखालून कशी जमीन काढली गेली ते पाहा. २००७ च्या डिसेंबरात नगरपरिषदेने चार मोठ्या सार्वजनिक गृहवसाहती पाडण्याला मंजुरी दिली. सुमारे साडेचार हजार घरं होती ती. गरीब भाडेकरूंना परतायला दारच उरलं नाही. घरमालकांसाठी असलेल्या अनुदानाची रक्कम घराची पुरापूर्वीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी कमी असेल तिच्यावर ठरत असे. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या घरांच्या किमती आधीपासूनच दडपलेल्या होत्या, म्हणून तेवढ्याच नुकसानीला त्यांना कमी पैसे मिळाले. पाणीही सगळीकडे सारखं चढलं नव्हतं. कित्येकांना बसमध्ये, विमानात बसवून कुठे नेताहेत हेही न सांगता दूरच्या राज्यांत सोडलं गेलं. म्हणजे १९७५ मध्ये व्हिएतनामींना जसं पांगवायचं ठरलं होतं, तसंच २००५ मध्ये कृष्णवर्णीयांना पांगवलं गेलं. त्यांच्याकडेही चर्च होती, शेजार होता, पिढ्यान्‌पिढ्यांचं संगीत आणि मिरवणुका होत्या. तो शेजारच मोडला गेला. ही तुलना करायचीच असेल, तर ती एका समाजाच्या गुणाची आणि दुसऱ्याच्या अवगुणाची नाही. शेजार टिकला तिथे माणसं परतली आणि शेजार मोडला तिथे परतली नाहीत, एवढंच ती सांगते. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. निर्वासितांना अनुदानित घरं मिळाली तेव्हा, आम्ही इतकी वर्षं रांगेत उभे आहोत त्याचं काय, असा प्रश्न १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या आफ्रिकन-अमेरिकन संघटनांनी उघडपणे विचारला होता. प्रश्न चुकीचा नव्हता. एका गरिबाला जागा देताना दुसऱ्या गरिबाची रांग लांबवणारं धोरण दोघांमध्ये वैर पेरतं. ते वैर पुढे वाढलं नाही, कचरा डेपोविरुद्ध दोघं एका फलकाखाली आले, याचं श्रेय धोरणाला नाही. त्या माणसांना आहे.

तर या साऱ्याचा सारांश काय? पहिलं: दोनदा उखडलेली ही माणसं टिकली, कारण दोन्ही वेळा त्यांनी आपला शेजार बरोबर आणला. दुसरं: सरकारचं पांगवण्याचं धोरण लोकांनीच काही वर्षांत मोडून काढलं, आणि जिथे ते आधीच बाजूला ठेवलं गेलं तिथे मुलं शाळेत टिकली, आणि बाजार, धंदा आणि शेवटी राजकीय आवाजही उभा राहिला. तिसरं: संकट आल्यावर कामाला आली ती आधी विणून ठेवलेली नाती, संकटानंतर ती विणायला वेळ नसतो. आणि चौथं: एकत्र राहण्याची किंमत असते, पण पांगण्याची किंमत तिच्याहून फार मोठी असते, आणि ती नेहमी सर्वांत दुबळ्याला भरावी लागते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. उद्या कुठेही, कुठल्याही कारणाने माणसं उठवली जातील, धरणासाठी, युद्धामुळे, पुरामुळे, आणि कुणी आपल्यापुढे किती घरं दिली, किती रुपये वाटले, किती जणांना कामाला लावलं याचे आकडे ठेवील, तेव्हा ते आकडे जरूर वाचा. पण त्यावर थांबू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. यांचा शेजार कुठे ठेवलात? यांना दिलेली जमीन बुडणारी तर नाही? आणि यांना बसवताना आधीपासून रांगेत असलेल्यांचं काय केलंत? या तीन प्रश्नांची उत्तरं देता येत नसतील, तर ते पुनर्वसन नाही, ती नुसती हलवाहलव आहे. माणूस एकेकटा उठवता येतो. एकेकटा बसवता येत नाही. जे पुनर्वसन हे विसरतं, ते पुन्हा करावं लागतं.